कसला शेक

नवीन पनवेल
१ ऑगस्ट १९९३

ती. वन्संना सा. न.

तुम्ही मिरजेला सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. कार्डावर तीन ओळी, त्यातल्या दोन माझ्या पाठीच्या कण्याबद्दल. अहो, मी तुमच्या हॉस्टेलातली मुलगी नाही, चव्वेचाळीस वर्षांची मास्तरीण आहे. पण ताठ बसूनच लिहितेय, काळजी नको.

तुम्ही गेल्यावर पहिलं काम काय केलं, तर भिंतीवरच्या तुमच्या पेन्सिलीच्या खुणा पुसल्या. शेजारच्या कीर्तीनं परवा विचारलं, कुणाची उंची मोजताय. म्हटलं, माझीच, या वयात वाढते का बघतेय. ती हसली, पण दुसऱ्यांदा हसणार नाही. खुणा नसल्या तरी हात किती वर जातो ते मला पाठ आहे. स्विचबोर्डाच्या खालच्या कडेपर्यंत. त्याच्या वर बोटं सरकवली की काखेत कुणीतरी दोरी ओढल्यासारखं होतं आणि मी सोडून देते.

टाके सुकले. शाळेत पिशवीचं ऑपरेशन झालं असं सांगितलंय, कॉलनीतही तेच. कॅन्सर होता आणि उजवी बाजू काढली, हे डॉक्टर सोडले तर तुम्हाला आणि मलाच माहीत. महिनाभर तुम्ही होतात तेव्हा ते एवढं जाणवलं नाही. आता दिवसभर कुणाशीच खरं बोलायचं नसतं, दूधवाल्याशी नाही, कीर्तीशी नाही. फार एकटं वाटतं, वन्सं. हे असते तर, असं येतं मनात. असते तर तेही घाबरून कोपऱ्यात बसले असते, तुमचा भाऊ तुम्हाला माहीत आहे. तरी असते.

अनुयाचं भिलाईहून पत्र आलंय. पाचवा महिना लागला, उलट्या थांबल्या. लिहिते, मी दसऱ्याला पनवेलला येणार ती बाळाला घेऊनच परत जाणार, आणि न्हाऊ तूच घालायचंस, बाई ठेवायची नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, लेकीनं एवढा हट्ट करू नये तर कुणी करावा? तिला दिवस गेल्याची बातमी आणि माझ्या गाठीचा रिपोर्ट एकाच आठवड्यात आले. तेव्हा सांगितलं नाही, आता पोटातल्या बाळाच्या भीतीनं सांगवत नाही. उजवा खांदा आखडलाय, एवढंच कळवलंय.

दसऱ्यापर्यंत हा हात वर गेला पाहिजे, बाळाला पायांवर घेऊन पाणी घालण्याइतका, आणि तिला काही कळता कामा नये. मला दुसरं काही नको. काय करायचं ते सविस्तर लिहा.

नीता


मिरज
९ ऑगस्ट १९९३

चि. नीता,

आशीर्वाद आणि एक रट्टा, दोन्ही पोचल्याचं कळव. खुणा पुसल्यास कशाला? चांगलं उत्तर दिलं होतंस तिला.

आता नीट वाच. हात वर नेताना तू श्वास कोंडून धरतेस, मी बघितलंय. दात आवळून हात वर जात नसतो. आधी श्वास आत येऊ दे, पोट फुगू दे, मग हात त्याच्या मागून निघू दे. जिथं ओढ लागेल तिथं थांब. पळून येऊ नकोस आणि पुढं ढकलूही नकोस. तिथंच श्वास सोड. सोडताना ओढ किंचित सैल पडते, तेवढी त्या दिवसाची कमाई. हॉस्पिटलातल्या व्यायामाच्या बाईंनी जे शिकवलंय तेच करायचं, माझं सांगणं फक्त श्वासापुरतं. जन्मभर मुलींना 'आणखी, आणखी' म्हणून ओरडत कवायत शिकवली. तुला ओरडत नाही.

संध्याकाळी शवासन. नाव आवडत नसेल तर नाव घेऊ नकोस, नुसती पड. सोबत कॅसेट पाठवतेय. शाळेच्या टेपवर माझ्याच आवाजात भरलीय. उजव्या हाताच्या अंगठ्यापासून एकेका अवयवाचं नाव घेतलंय. मी नाव घेईन तिथं मन न्यायचं आणि ती जागा ढिली सोडायची. मागं जेवणघरातली भांडी वाजतात, आणि मध्येच मी भामा नावाच्या एका कार्टीला दम दिलाय, तो तुला नाही.

दुसरं. पोरीला सांग. सांगितल्यानं परिणाम होईल म्हणतेस, लपवल्यानंही होतो. पण तू माझ्याकडून कमलाकरची शपथ घेतलीस. गेलेल्या भावाची शपथ मोडायला मी एवढी धीट नाही, म्हणून गप्प आहे. मला पटलंय असं समजू नकोस.

शांतीवन्सं

मुली मागून मला 'अशांती' म्हणतात. त्यांना वाटतं मला ठाऊक नाही.


नवीन पनवेल
२० ऑगस्ट १९९३

चि. सौ. अनुयास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पाय सुजतात लिहिलंस, तर मीठ कमी कर आणि लोणच्याची बरणी सासूबाईंच्या खोलीत ठेव. तुझ्या हाताशी राहिली तर संपलीच.

माझ्या खांद्याचं विचारलंस. बरा आहे. डॉक्टरांनी रोज शेक घ्यायला सांगितलाय. ते मशीन इथं पनवेलला नाही, म्हणून सकाळच्या एसटीनं मुंबईला जाते आणि दुपारी परत येते. सप्टेंबरअखेरपर्यंत चालेल. शाळेतून रजा घेतलीय, तेव्हा ओढाताण होत नाही.

उरणची कोळीण दारावर येऊन तुझी चौकशी करून गेली. सुरमई घ्या म्हणाली. तू नाहीस तर एकटीसाठी कोण साफ करत बसणार, म्हणून नको म्हटलं. तू आलीस की बघू. विश्वजीतरावांना आशीर्वाद सांग.

तुझी आई


भिलाई, सेक्टर ६
१ सप्टेंबर १९९३

ती. आईस,

शि. सा. न. आणि तुझ्यावर जराशी रागावलेय.

खांद्याच्या शेकासाठी रोज मुंबई? विश्वजीत विचारतो, पनवेलच्या डॉक्टरांना फडकं गरम करता येत नाही का. तुला कुणीही काहीही सांगावं आणि तू मान डोलवावीस. म्हणून पार्सलनं गरम पाण्याची रबरी पिशवी पाठवतेय, चांगल्यातली घेतलीय. चांगलं कढत पाणी भरायचं आणि घरच्या घरी शेक घ्यायचा. मुंबईच्या खेपा बंद.

आता महत्त्वाचं. डोहाळजेवण दहा ऑक्टोबरला, रविवारी. फुलांचे दागिने करायला सासूबाईंनी माळीण ठरवलीय आणि मी झोपाळ्यावर बसणार आहे. पहिली ओटी तू भरायचीस. बाबा नाहीत म्हणून मागं उभी राहशील, मी तुला ओळखते. सासूबाईंशी आधीच बोलून ठेवलंय. त्यांनी आधी आढेवेढे घेतले आणि मग बरं म्हणाल्या. इतकं भांडून मिळवलंय, तेव्हा तू यायचंच. मग दसऱ्याला तुझ्याबरोबरच मी पनवेलला येईन.

पिशवी मिळाली की लगेच कळव.

तुझी अनुया


नवीन पनवेल
१० सप्टेंबर १९९३

ती. वन्संना सा. न.

लेकीनं शेकायला रबरी पिशवी पाठवलीय. हसावं की रडावं कळेना. हॉस्पिटलात सगळे त्या यंत्राच्या किरणांच्या उपचाराला शेकच म्हणतात, मीही तोच शब्द लिहिला. खोटं तर नव्हतं ना. तिनं तो दुखऱ्या खांद्याचा शेक धरला. डॉक्टरांची सक्त ताकीद आहे, त्या जागेवर कढत काही लावायचं नाही. कातडी आधीच काळी पडलीय, दूध करपल्यावर पातेल्याचा तळ होतो तशी. पिशवी परत तरी कशी पाठवणार? पायाशी घेऊन झोपते, भर उकाड्यात.

तिथं एका खोलीत मला झोपवतात, हात डोक्याशी वर करून ठेवायला सांगतात आणि सगळे बाहेर निघून जातात. जाड दार बंद होतं. हलायचं नाही. पहिल्या दिवशी हात राहीना म्हणून खाली उशी दिली आणि मी श्वास कोंडून पडून राहिले. मग तुमचं आठवलं. श्वास सोडला की ओढ सैल पडते हे खरं आहे. आता त्या खोलीत मी तेवढंच करते. तुमचा श्वास नसता तर मी दुसऱ्याच दिवशी पनवेलची परतीची एसटी धरली असती आणि पुन्हा गेले नसते.

पण हात मागं आलाय. शेकानं सगळं आकसलं. स्विचबोर्ड राहिला लांब, मला आता वरच्या फळीवरचा चहाचा डबा निघत नाही. दसरा दीड महिन्यावर आहे. मला नाही वाटत जमेल.

कॅसेट दिवसातून दोनदा लावते. एकदा शवासनासाठी, आणि एकदा नुसतीच, घरात कुणीतरी बोलावं म्हणून. त्या भामानं असं केलं तरी काय होतं? रोज तिला बोलणी बसतात आणि मला तिची बाजू घ्यावीशी वाटते.

एक विचारू का? तुम्ही उजवा खांदा म्हणता, जरा थांबता आणि एकदम पोटावर येता. डाव्या बाजूलाही तसंच. उजवी वगळलीत ते समजलं. पण डावी का वगळलीत? ती तरी आहे की माझी.

डोहाळजेवणाला बोलावलंय. पन्नास बायका जवळ येणार, मिठ्या मारणार. ओटी भरताना नारळ धरलेला हात अर्ध्यावर अडकला तर? काय लिहू तिला?

नीता


मिरज
१७ सप्टेंबर १९९३

चि. नीता,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मला स्वतःचा राग आला. ठरवून वगळलं नव्हतं गं. टेपसमोर त्या शब्दापाशी आले आणि माझीच जीभ अडली. उजवी म्हणवेना, मग नुसती डावी म्हणणंही वाईट दिसेल म्हणून दोन्ही गाळल्या. मुलींना शरीराबद्दल लाजू नका म्हणून व्याख्यानं देणारी मी.

नवी कॅसेट पाठवतेय. जुनीवर गाणी भर. यात डावी छाती आहे आणि उजवीही आहे. उजवीपाशी मी म्हटलंय, 'उजवी छाती, जिथं होती तिथं.' तिथं मन ने आणि थांब. पहिले काही दिवस रडू येईल, येऊ दे. रिकामं असलं तरी तुझंच अंग आहे ते, त्याला वाळीत टाकू नकोस.

हात मागं येतो तसा पुढंही जातो. हॉस्पिटलातल्या बाईंना दाखव, आणि श्वास सोडू नकोस म्हणजे व्यायाम सोडू नकोस.

भामानं हॉस्टेलची मांजर पांघरुणात घेतली होती. पिल्लांसकट.

डोहाळजेवणाला जा. जाणं झेपत नसेल तर खरं कारण लिही. तिसरं काही लिहू नकोस, नीता. तू तिसरंच लिहिशील अशी मला भीती आहे.

शांतीवन्सं


नवीन पनवेल
२४ सप्टेंबर १९९३

चि. सौ. अनुयास अनेक आशीर्वाद.

शेक संपत आला. पण अंगात त्राण उरलेलं नाही आणि भिलाईपर्यंतचा प्रवास मला झेपेलसं वाटत नाही. डोहाळजेवणाला माझी वाट बघू नका. हिरवी साडी आणि ओटीचं सामान पार्सलनं पाठवते आहे. ओटी तुझ्या सासूबाईंनी भरणंच योग्य.

आणखी एक. मी पुष्कळ विचार केला. बाळंतपण तिकडेच झालेलं बरं. तिथं कारखान्याचं मोठं हॉस्पिटल आहे, सासूबाई धडधाकट आहेत, हाताखाली माणसं आहेत. इथं पाण्याचे हाल, मी एकटी, त्यात माझा खांदा हा असा. बाळाची आबाळ होईल. उगाच गैरसमज करून घेऊ नकोस. रात्रीचं दूध चुकवू नकोस.

तुझी आई


भिलाई
४ ऑक्टोबर १९९३

ती. आईस,

शि. सा. न. पत्र आणि पार्सल पोचलं. तू म्हणतेस तसं करू.

बाबा गेल्यावर पनवेलचं घर हेच माझं माहेर असं मी धरून चालले होते. खांदा दुखतो म्हणून लेकीला पहिल्या बाळंतपणाला येऊ नको म्हणणारी आई मी कुठं ऐकली नाही. सासूबाईंना काय सांगायचं तेही तू कळवलं नाहीस. मी सांगितलं, आईला बरं नाही. त्यांनी मान हलवली, पण त्यांना काय वाटलं ते मला कळलं.

पिशवी मिळाली का, तेसुद्धा तू लिहिलं नाहीस.

अनुया


भिलाई
१२ ऑक्टोबर १९९३

ती. आत्याला सा. न.

आत्या, हे पत्र फक्त तुला आहे.

परवा डोहाळजेवण झालं. बायका जेवून निघाल्या आणि आमच्या शेजारच्या मिश्राभाभी घाईघाईनं ओटी भरून जायला लागल्या. मी थांबा म्हटलं, तर म्हणाल्या, त्यांच्या सासूबाईंना घेऊन पहाटे नागपूरला जायचंय, 'उनकी सिकाई चल रही है.' मी विचारलं, गुडघ्यांची का. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला काही समजेना. मग हळू आवाजात सांगितलं, कॅन्सर आहे, गळ्याचा, मशीनची सिकाई रोज घ्यावी लागते.

मी झोपाळ्यावर बसले होते, गळ्यात फुलांच्या माळा. सिकाई म्हणजे शेक. आईनं लिहिलं होतं, रोज शेक घ्यायला मुंबईला जावं लागतं, ते मशीन पनवेलला नाही. मी तिला कढत पाण्याची पिशवी पाठवली, आत्या. वर लिहिलं, चांगला कढत शेक घे. आणि मागच्या पत्रात काय काय लिहिलं ते तुला सांगवतही नाही.

तू जुलैत महिनाभर पनवेलला होतीस, आईनं लिहिलं होतं, सहज आल्या आहेत म्हणून. शाळा चालू असताना तू सहज कुठं जात नाहीस.

मला खरं सांग. आई कसला शेक घेत होती?

अनुया


मिरज
१६ ऑक्टोबर १९९३

चि. अनुया,

या प्रश्नाचं उत्तर देणार नाही अशी तुझ्या बाबांची शपथ माझ्यावर आहे. ती मी मोडत नाही. पण 'तुला वाटतंय तसं काही नाही' असं लिहायला बसले आणि ते लिहिता आलं नाही. एवढं वाच आणि समज.

शेक पूर्ण झालाय आणि ती हिंडतीफिरती आहे. म्हणजे जीव टांगणीला लावून बसू नकोस. रडून घे आणि तोंड धू.

आठवा लागायच्या आत विश्वजीतला घेऊन पनवेलला जा. डॉक्टरांना विचार, आईला विचारू नकोस. विचारलंस तर ती नको म्हणेल. तिनं तुला येऊ नको लिहिलं ते तू नकोशी आहेस म्हणून नाही. तिचा हात तिचं ऐकेना, आणि तुझं बाळ हातातून निसटेल या धास्तीनं तिनं ते लिहिलं.

गेल्यावर तिला खोदून विचारू नकोस. जे तिच्या अंगावर झालंय ते तिनं सांगायचं, तिला जमेल तेव्हा. थांबणं तुझ्या रक्तात नाही, तू कमलाकरची मुलगी. तरी थांब.

तुझी आत्या


नवीन पनवेल
१० नोव्हेंबर १९९३

ती. वन्संना सा. न.

दसऱ्याच्या सकाळी दार उघडलं तर अनुया, सातवा संपत आलेला, मागं विश्वजीतराव दोन बॅगा आणि एक टोपली घेऊन. मी तिला येऊ नको लिहिलं होतं आणि तिनं तुटक उत्तर दिलं होतं. वाटलं आता भांडण होणार. ती म्हणाली, 'मी आले.' बस्स. वाकून नमस्कार केला आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. वरच्या फळीवरचा डबा तिनंच काढला. जावई दोन दिवस राहून परत गेले.

तिला काहीही माहीत नाही, वन्सं. मी फार सांभाळून आहे. ब्लाउजच्या आत रुमालाची घडी करून नीट बसवते, पदर दोन्ही खांद्यांवरून घेते. म्हणाली, थंडी वाजते का गं. म्हटलं, वय झालं. सासूनं तिला चांगलं वळण लावलंय, हे मात्र मानलं पाहिजे. पूर्वी हातातला पेला उचलत नसे, आता बादली मला धरू देत नाही, कपडे स्वतः वाळत घालते. मी रागावले तर म्हणते, डॉक्टरांनी मला हालचाल करायला सांगितलीय.

तुमचा श्वास तिलाही शिकवतेय, कळा येतील तेव्हा उपयोगी पडेल म्हणून. संध्याकाळी दोघी आडव्या पडतो, ती डाव्या कुशीवर, मी उताणी. नवी कॅसेट लावते. तुमची ती 'जिथं होती तिथं'ची ओळ आली की मी जोरात खोकते. आता इतकी सवय झालीय की आधीच्या ओळीलाच घसा खवखवायला लागतो. तिनं एकदा विचारलं, आई, तुला तिथंच का खोकला येतो. म्हटलं, आत्याच्या आवाजाची धूळ. ती हसली नाही. कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

हात पुन्हा निघालाय. अंबाडा दोन्ही हातांनी घालते. जिंकायच्या बेतात आहे मी. बाळाला पाणी घालेन आणि पोरगी काही न कळता बाळ घेऊन परत जाईल.

एवढं माणूस घरात आलंय तरी बोलायला कुणी आलंय असं वाटत नाही. हे तिला लिहू शकत नाही, म्हणून तुम्हाला.

नीता


नवीन पनवेल
२० जानेवारी १९९४

ती. वन्संना सा. न.

रेवा तीन आठवड्यांची होऊन गेली. तुम्ही पाठवलेलं झबलं तिला ढगळ होतं आणि टोपडं घट्ट. डोकं तुमच्या घराण्याचं आहे.

न्हाऊ घालायला शेवटी करंजाड्याच्या गुणाबाई ठेवल्या. अनुयाच म्हणाली, बाई ठेव. बाळ त्या पायांवर घेतात, पाणी मी घालते. पहिल्या दिवशी मी तांब्या उजव्या हातात घेतल्यावर गुणाबाई म्हणाल्या, 'तुमी निस्तं पानी वता बाय, रगडायचं आमी बगतो.' हात श्वासाच्या मागून वर गेला, अगदी सहज गेला, आणि पाणी रेवावर न पडता गुणाबाईंच्या लुगड्यावर पडलं. पण गेला.

आता जे सांगायचं ते. गेल्या मंगळवारी दुपारी अनुयानं आतून हाक मारली. 'आई, इथं गाठ लागतेय.' उजव्याच बाजूला. मी हात लावून बघितलं. सुपारीएवढी, कठीण. बाळंतिणीला दूध साकळून अशी गाठ येते हे मला माहीत नाही का? मलाही आली होती हिच्या वेळी. पण तिच्या डोळ्यांत जी भीती होती ती साकळलेल्या दुधाची नव्हती, आणि माझीही नव्हती. डॉक्टरांकडे जायचं तर आईचं काय झालं होतं ते त्यांना सांगायला हवं. तिच्या जिवापुढं माझा पदर कसला सांभाळत बसू? उभ्याउभ्याच सांगून टाकलं. मला कॅन्सर झाला होता, जूनमध्ये उजवी बाजू काढली, खांद्याचं सगळं खोटं होतं. ती म्हणाली, 'माहीत आहे मला. दसऱ्याच्या आधीपासून.'

डॉक्टरांनी दूधच साकळलंय म्हणून सांगितलं. बाळाला त्या बाजूला वरचेवर पाजा म्हणाले, आणि घरात हे झालेलं आहे म्हणून दर वर्षी तपासून घ्यायलाही बजावलं. चौथ्या दिवशी गाठ विरघळली. तुम्हालाही माहीत होतं की तिला माहीत आहे, हे तिनं येताना रिक्षात सांगितलं. तुमच्यावर चिडायला बसले होते, पण मग मला तुमची ती शपथ आठवली आणि तुम्ही चौघांकडून कशा बांधल्या गेल्या होतात ते कळलं, माझ्याकडून, तिच्याकडून, भावाकडून आणि स्वतःच्या स्वभावाकडून. विचारलंस का नाहीस म्हटलं तर म्हणाली, तू खोकायचीस, मी काय समजायचं? तीन महिने आम्ही दोघी एका खोलीत झोपलो, वन्सं, आणि दोघीही एकेकट्या होतो.

काल दुपारी ती रेवाला पाजत होती. मी शेजारी बसून दुपट्यांच्या घड्या घालत होते. रेवाचे डोळे मिटले तशी ती म्हणाली, 'दाखव.'

तुम्ही आणि डॉक्टर सोडून ते कुणी बघितलेलं नाही. मी स्वतः आरशात धड बघितलेलं नाही. हुक काढायला मला वेळ लागला. तिनं घाई केली नाही. बघत राहिली. तोंड फिरवलं नाही, रडलीही नाही. मग विचारलं, 'मी कुठल्या बाजूला प्यायचे?'

खोटं बोलायची मला इतकी सवय लागलीय की 'डाव्या' असं तोंडातून निघतच होतं.

'उजव्या,' मी म्हटलं. 'डावीकडे तू तोंडच लावायची नाहीस. रडून घर डोक्यावर घ्यायचीस.'

तिनं रेवाला मांडीवर आडवं केलं, हात पुढं केला आणि तळवा तिथं ठेवला. व्रणावरच. थोड्या वेळानं रेवा रडायला लागली, आणि तिला हात काढून घ्यावा लागला.

नीता